धक्क्यावर पाऊल न ठेवता

नॅरेल ट्रँटरचा हट्ट सगळ्या बालमेनला ठाऊक होता. कोपऱ्यावरचा मासेवाला एकदा तिच्या केसांवरून काहीतरी बोलला, तेव्हापासून तिने त्याच्या दुकानात जाणं सोडलं. पुढे तो माणूस वारला, मुलाने दुकान चालवलं, मग विकलं, आता तिथे कॉफी मिळते. तरी ही बाई अजून त्या फुटपाथवरून जात नाही, रस्ता ओलांडून पलीकडून जाते. बाजारातून येताना दोन्ही हातांत पिशव्या असल्या, वरून पाऊस लागला असला, तरी पलीकडूनच.

तर अशी ही नॅरेल थोरल्या बहिणीला म्हणाली होती, "जायचं तर जा. पण मी काही त्या धक्क्यावर पाऊल ठेवायची नाही. रुमाल हलवत उभं राहण्याची हौस नाही मला."

थोरली कोरली. दोघींचंही लग्न झालं नव्हतं. वडिलांच्या मागे चढावरच्या त्या अरुंद घरात दोघी राहत आल्या होत्या. कोरली बटणं आणि लोकर विकणाऱ्या दुकानात होती, नॅरेल एका दातांच्या डॉक्टरकडे समोरच्या टेबलावर. दोघींनी एकाच वर्षी नोकरी सोडली. दोघींचे चष्मे इतके सारखे की सकाळी अदलाबदल व्हायची. भांडणंही ठरलेली: टोस्ट किती भाजायचा, खिडकी किती उघडायची. सगळं असंच चालायचं आणि मग दोघींपैकी एक आधी मरायची, असा नॅरेलचा सरळ हिशोब होता. कोरलीने तो मोडला. बोलिंग क्लबच्या हिरवळीवर कॅनडाहून पाहुण्यांचा संघ खेळायला आला होता, त्यात गॉर्डन नावाचा एक विधुर होता. तो चेंडू चांगला घरंगळवायचा नाही, पण ऐकायचा चांगलं. वर्षभर त्याचे फोन येत राहिले आणि सत्तरीला टेकलेली कोरली एके दिवशी जेवताना म्हणाली, "नेल, मी गॉर्डनकडे जायचं ठरवलंय. कायमची."

नॅरेल उठली आणि बशा धुवायला लागली. जेवण अर्धं राहिलं होतं.

त्यानंतर घरात बोलणं उरलं ते मिठापुरतं आणि कचऱ्याच्या डब्यापुरतं. कोरलीला विमानाची भीती, म्हणून ती जहाजाने जाणार होती. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता सर्क्युलर कीच्या धक्क्यावरून सुटणारं मोठं पांढरं जहाज. त्या दिवशी सकाळी टॅक्सी आली तेव्हा नॅरेल न्हाणीघरात शिरली आणि तिने बेसिनचा नळ सोडून दिला. कोरलीने दारावर टकटक केली. "नेल, मी निघते गं." नळ चालू होता. तिने पुन्हा टकटक केली. मग बॅगेची चाकं पायऱ्यांवरून खाली गेल्याचा आवाज आला, टॅक्सीचं दार लागल्याचा आवाज आला, आणि नॅरेल कोरड्या टबच्या कडेवर बसून राहिली. नळ बंद करायचंही तिला सुचलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर जायचं होतं धक्क्यावर. चार पावलांवर फेरीबोट, फेरीतून उतरलं की समोर जहाज. पण मग तो शब्द? नॅरेलने शब्द मोडला असता तर ती नॅरेल कसली? पण आठवडाभर रात्री डोळा लागत नव्हता तेव्हा तिला एक पळवाट सापडली होती. धक्क्यावर येणार नाही असं म्हटलं होतं. पाण्यावर येणार नाही असं कुठे म्हटलं होतं?

म्हणून तिने एक अख्खी शिडाची बोट भाड्याने घेतली. पैशाचा विचार करायचा नाही असं ठरवलं आणि खरंच केला नाही.

बोटीचं नाव पेट्रेल, मालकाचं मर्व्ह डगन. मर्व्ह पर्यटकांना बंदर फिरवायचा. लहानखुरा, कान उन्हाने सोलवटलेले, बायको वारल्यापासून शर्टाला इस्त्री नाही. बालमेनच्या टोकावरच्या छोट्या जेटीला त्याने बोट लावली आणि नॅरेलच्या मागे वळून पाहिलं.

"बाकीची मंडळी?"

"मंडळी नाहीत. मी एकटीच."

"सहा जणांची बोट घेतलीय तुम्ही, बाई. सहा जणांचे सँडविच केलेत मी."

"मग पाच जणांचे तुम्ही खा."

मर्व्ह हसला आणि त्याने हात पुढे केला. नॅरेलने हात धरला नाही, स्वतःच चढली आणि चढताना गुडघा आपटून घेतला. 

गंमत बघा. ही बाई या बंदराच्या काठावर जन्मली, काठावर वाढली, हजारो वेळा फेरीतून गेली-आली, आणि शिडाच्या बोटीत मात्र जन्मात बसली नव्हती. वडील कॉकाटू बेटावरच्या गोदीत जहाजं दुरुस्त करायचे. हातांना कायम तेलाचा वास. बोटी आपण दुरुस्त करायच्या, बसायचं ते लोकांनी, असं ते मुलींना सांगायचे आणि रविवारी काठावरच्या बाकावर बसून लोकांची पांढरी शिडं बघायचे. मुलीही त्यांच्या दोन बाजूंना बसून बघायच्या. आत जाऊन बसावं असं दोघींच्या कधी मनातही आलं नाही.

पुलाखालून जाताना मर्व्हने आपली रोजची टेप लावली. "हा जो पूल तुम्ही बघताय, बाई, तो बांधायला..."

"हा पूल माझ्या मोरीच्या खिडकीतून दिसतो."

"अच्छा. मग ते पिंचगट बेट. पूर्वी तिथे कैद्यांना..."

"शाळेत असताना सहल गेली होती. मला तिथे उलटी झाली होती."

मर्व्हने टोपी मागे सरकवली. "मग तुम्हाला दाखवू तरी काय?"

नॅरेलने सर्क्युलर कीच्या दिशेने हात केला. फेरीबोटींच्या गर्दीपलीकडे जहाजाचं पांढरं अंग दिसत होतं, ऑपेरा हाउसच्या छपरापेक्षाही उंच. एवढी माणसं एका वेळी कुठे चाललीत कोण जाणे. "ते पाचला सुटतं. त्यात माझी बहीण आहे. डाव्या बाजूला गॅलरीची खोली आहे तिची. ते बाहेर जाताना मला अशा जागी न्या की तिने मला बघितलं पाहिजे. बाकी काही नाही दाखवलंत तरी चालेल."

"तिला ठाऊक आहे तुम्ही येताय ते?"

"नाही."

"मग फोन करून सांगा की, डावीकडे बघ म्हणून."

"फोन करायचा असता तर बोट कशाला घेतली असती?" नॅरेल म्हणाली. मर्व्हला ते काही समजलं नाही, पण त्याने मान हलवली. बायकोबरोबर आयुष्य काढलेला माणूस होता, कुठे मान हलवायची ते त्याला कळत होतं.

"ब्रॅडलीच्या टोकापाशी थांबू," तो म्हणाला. "जहाज तिथे वळतं. डावी बाजू आपल्याकडे येते. गॅलरीतली माणसं चेहऱ्यानिशी दिसतात. हात हलवा, ओरडा, काय वाटेल ते करा, दिसणारच."

नॅरेलचा जीव तेवढ्याने थोडा खाली बसला. तिने कोरलीचं आवडतं लाल जाकीट घातलं होतं. ते इतकं भडक होतं की एरवी नॅरेल त्याला नावं ठेवायची, आणि कोरलीने ते मुद्दाम तिच्यासाठी कपाटात मागे ठेवलं होतं की विसरून, हे तिला कळलेलं नव्हतं.

टोकापाशी पोचले तेव्हा बराच वेळ हातात होता. ईशान्येचा वारा सुटला होता, दुपारनंतर सुटतो तसा, चांगला भरलेला. मर्व्हने शीड सैल सोडलं आणि पेट्रेल जागच्या जागी डुलत राहिली. दोघांनी सँडविच खाल्ले. मर्व्ह बोलत होता. त्याची बायको ग्लेनिस त्याच्याबरोबर शुक्रवारच्या शर्यतींना यायची, दोर तीच ओढायची, शिव्याही तीच घालायची. आता शर्यतीला जायला माणूस नाही. "पर्यटकांना दोर हातात दिला की ते आधी फोटो काढतात," तो म्हणाला. नॅरेल ऐकत होती आणि धक्क्याच्या दिशेने बघत होती. दुसऱ्या कुणाच्या घरातली रिकामी खुर्ची ऐकताना तिला आपल्या घरातली दिसत होती. रात्री घरी जायचं, दिवा आपणच लावायचा, टोस्ट हवा तितका भाजायचा आणि त्यावर बोलायला कुणी नाही. हे आता रोजचं, हे तिला तिथे, त्या उन्हात, पहिल्यांदा नीट कळलं आणि ती घाबरली.

"निघालं नाही ना अजून?" तिने विचारलं.

"पाचला म्हणजे साडेपाच धरा. कोणीतरी दोघं पबमध्ये बसलेले असतात, त्यांना शोधण्यात वेळ जातो. मी इतकी वर्षं बघतोय. वेळेवर सुटलेलं एक जहाज दाखवा मला."

तेवढ्यात मागून हाक आली. "काय डगन! आज आजीबाईंना हवा खायला आणलंयस का?"

निळ्या पट्ट्याची एक बोट वाऱ्याच्या बाजूने येत होती. सुकाणूवर दाढीवाला एक धिप्पाड म्हातारा, सोबत त्याचेच दोन दोस्त, तिघांच्या हातांत बियरचे डबे.

"बर्टी हॅलम," मर्व्ह दातांत पुटपुटला. "तीस वर्षं झाली, माणूस सुधारत नाही."

"शीड फाटलंय की काय?" बर्टी ओरडला. "नुसतंच फडफडतंय. की दोर ओढायची ताकद संपली? ग्लेनिस होती तोवर तुझी बोट हलायची, हे मी सगळ्यांना सांगतो."

मर्व्हचा चेहरा बदलला. आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. या बंदरातल्या शिडवाल्यांना दारू सुटते, सिगारेट सुटते, हे एक सुटत नाही. दुसरं शीड आपल्याच दिशेने चाललेलं दिसलं की यांच्या हातांना खाज सुटते. कुणी शर्यत लावलेली नसते, शिट्टी वाजलेली नसते, तरी दोघेही न बघितल्यासारखं करत दोर ताणायला लागतात. बोटीवर पाहुणे असोत, लग्नाचं वऱ्हाड असो की कुणाची राख असो. आणि जो हरेल त्याने बोटीच्या नाकाशी उभं राहून टोपी काढायची, एवढीच यांची बक्षिसी.

"पुढे तो पिवळा बोया तरंगतोय, तिथपर्यंत," मर्व्ह नॅरेलकडे न बघता म्हणाला. "पंधरा मिनिटांत परत इथेच येऊन उभे राहू. वेळ भरपूर आहे. चालेल?"

नाही म्हणायला नॅरेलला कधी वेळ लागला नव्हता. सगळं आयुष्य ती तेच करत आली होती. पण त्या दाढीवाल्याने तिला आजीबाई म्हटलं होतं आणि त्या वारलेल्या बाईचं नाव काढलं होतं. शिवाय तिला त्या विचारापासून, त्या दिवा लावण्यापासून, दूर जायचं होतं.

"हरवा त्याला," ती म्हणाली.

"मग हे घ्या." मर्व्हने तिच्या अंगावर स्वतःचं पिवळं रेनकोटचं जाकीट टाकलं. "भिजाल नाहीतर. आणि ही चरखी दिसते ना, मी म्हणालो की दांडा फिरवायचा. थांब म्हणालो की थांबायचं."

शीड भरलं तशी पेट्रेल एका कुशीवर कलली. नॅरेलने कडेची तार घट्ट धरली. पाणी पलीकडच्या कठड्यावरून आत येत होतं. ही उलटणार आता, असं तिला वाटलं आणि ती उलटली नाही, उलट पळायला लागली.

"फिरवा!" मर्व्ह म्हणाला.

तिने दांडा फिरवला. जड होता. दोन्ही हातांनी फिरवला. दोर चरखीवर कडकड करत गुंडाळला गेला आणि समोरचं मोठं शीड ताठ झालं.

"अजून. अजून ओढ. हां, अशी. आता इकडे वर ये, उंच बाजूला बैस, वजन टाक. लवकर!"

तुम्हीवरून तो तूवर कधी आला ते दोघांनाही कळलं नाही. नॅरेल रांगत वर आली आणि कठड्याशी बसली. समोर वाऱ्याच्या बाजूला बर्टीची बोट, इतकी जवळ की दाढीतले पांढरे केस दिसावेत. पाठीमागे आणि खाली, दुसऱ्या बाजूला, पेट्रेलची दोन ताणलेली शिडं भिंतीसारखी उभी. त्यांच्यापलीकडचं काहीही दिसत नव्हतं, आणि बघायचंही नव्हतं.

"तो आपला वारा खातोय," मर्व्ह ओरडला. "दोर एका बोटाइतका सोड. एकच! बास. हां. कशी पळतेय बघ, कशी पळतेय!"

बर्टीच्या दोस्तांपैकी एकाचा बियरचा डबा पाण्यात पडला आणि तो वाकून बघायला लागला, तशी बर्टीने त्याच्या आईचा उद्धार केला. पेट्रेल हातभर पुढे आली. मग दोन हात. तोंडावर पाण्याचा सपकारा आला, चष्मा खारट झाला. नॅरेल हसली. आधी तोंडातल्या तोंडात, मग मान मागे टाकून, मोठ्याने, लाज सोडून. असं हसू आपल्यात होतं हे तिला ठाऊकच नव्हतं. वडील काठावरच्या बाकावरून हे बघत बसायचे तर! आत असं होतं तर! तिला त्या क्षणी कुणाचीच आठवण नव्हती. कोरलीचीही नाही.

भोंगा वाजला तो तेव्हाच. लांब, खोल, छातीत घुमणारा.

"फेरी असेल," मर्व्ह मागे न बघता म्हणाला. "फिरव!"

आता, बालमेनमध्ये जन्मलेल्या बाईला फेरीचा भोंगा ओळखू येत नाही असं होईल का? डोळे मिटूनही ती सांगेल कुठली फेरी आहे ते. हा फेरीचा नव्हता. हे तिच्या कानांना कळलं. मनालाही कळलं. पण पिवळा बोया समोर आला होता, बर्टी अर्धी बोट मागे होता, दांडा हातात होता. एवढं फिरवू आणि मग बघू, असं काहीतरी तिला वाटलं असेल. तिने दांडा फिरवला.

बोया पेट्रेलने आधी गाठला. मर्व्हने टोपी हवेत उडवली आणि झेलली. नॅरेलने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. मग शिडाच्या पुढच्या कडेपलीकडून एक पांढरी भिंत पुढे सरकायला लागली. खिडक्यांच्या रांगांमागून रांगा, गॅलऱ्यांच्या मागून गॅलऱ्या, बघता बघता त्यांच्या पुढे गेली आणि मग तिचं रुंद बूड दिसलं, नाव लिहिलेलं, खाली घुसळलेलं पाणी.

नॅरेलचे हात वरच राहिले.

मर्व्हने दोर सोडून दिला. शीड धाडधाड फडफडलं. "वेळेवर सुटलं," तो म्हणाला. 

"ते आपल्या बाजूने गेलं?"

"हो."

"डावी बाजू?"

"डावी बाजू आपल्याकडे होती, बाई. शिडाआड." तो परत तुम्हीवर आला होता. "मी इंजिन लावतो. हेड्सपर्यंत, बंदराच्या तोंडापर्यंत गाठू. गाठू आपण."

इंजिन लावलं. पेट्रेल तिच्या परीने धावली. पण जहाज दर क्षणाला लहान होत होतं. नॅरेल बोटीच्या नाकाशी जाऊन उभी राहिली, पिवळं जाकीट काढून टाकलं, लाल जाकिटाचे हात पसरून हलवत राहिली. "कोरी!" ती ओरडली. "कोरी, मी इथे आहे!" वारा समोरून येत होता, तो शब्द तिच्याच तोंडात परत कोंबत होता. मागे बर्टी आपल्या बोटीच्या नाकाशी टोपी काढून उभा होता, हरलेल्याने उभं राहायचं तसा, आणि तिच्याकडे बघून हसत होता. त्याला काय ठाऊक. नॅरेलला त्याचा भयंकर राग आला, आणि मग तिला कळलं की राग त्याचा नाही.

"थांबवा," ती म्हणाली. "नका पळवू. काय उपयोग."

मर्व्हने इंजिन मंद केलं. "माझी चूक झाली," तो म्हणाला. "फार मोठी चूक झाली. तो माणूस ग्लेनिसचं नाव काढतो ना, मला मग..."

"मी भोंगा ऐकला होता," नॅरेल म्हणाली. "तुम्ही म्हणालात फेरी, मला माहीत होतं फेरी नाही ते."

 मर्व्हने तिच्या खांद्यावर कोरडा टॉवेल ठेवला आणि सुकाणूशी जाऊन बसला. ती रडली. लपवून नाही, सरळ रडली, नाक पुसत, टॉवेल तोंडावर घेऊन. ज्या बाईला आज सकाळी दार उघडवलं नाही, ती आता एका अनोळखी माणसासमोर बसून रडत होती.

परत फिरले. सूर्य पुलामागे उतरला होता. पिंचगट मागे पडलं तेव्हा नॅरेलच्या पर्समधला फोन वाजला. कोरलीचं नाव बघून तिने तो आधी घेतलाच नाही. वाजू दिला. मग घाईघाईने घेतला.

"नेल?"

"हं."

"अजून रेंज आहे, म्हणून म्हटलं बघावं. बाहेर पडलो आम्ही. हलतंय थोडं." कोरलीचा आवाज पातळ येत होता, मध्ये वारा होता. "मी शेवटपर्यंत धक्क्याकडे बघत होते गं. लोकं केवढी आली होती. म्हटलं, येईल ही. शेवटच्या मिनिटाला तरी येईल. पण तू म्हणालीस तसंच केलंस."

"धक्क्यावर नाही आले मी," नॅरेल म्हणाली.

"हो. कळलं ते." कोरली म्हणाली. "मी चिडले नाही. तू अशीच आहेस, मला काय नवीन आहे का? ऐक, तुला एक सांगू? हसशील."

"सांग."

"आम्ही बाहेर पडत होतो ना, तर खाली दोन शिडाच्या बोटी शर्यत लावत होत्या. आपण बाबांबरोबर बघायचो तशा. पुढच्या बोटीवर एक बाई होती. आपल्याच वयाची असेल, पांढरे केस. तोंड पलीकडे होतं तिचं. पण हसत होती, नेल, मान अशी मागे टाकून, एवढ्या वरून कळत होतं. मी गॅलरीत उभी राहून तिच्याकडेच बघत राहिले. मला रडूच आलं. म्हटलं, आपण दोघी इतकी वर्षं एका घरात राहिलो, आपल्या नेलला असं हसताना मी एकदा जरी पाहिलं असतं ना, तर मी कशाला गेले असते हिला सोडून?"

 मर्व्ह नॅरेलकडे बघत होता. फोनमधलं सगळं त्याला ऐकू जात होतं, कोरली नेहमीच फोनवर ओरडून बोलायची.

"कोरी," नॅरेल म्हणाली. "ती मी होते."

पलीकडे नुसता वारा.

"ती बाई. मीच होते ती. मी बोट भाड्याने घेतली होती. तू दिसावीस म्हणून. मी तुला दिसावी म्हणून."

कोरली हसली, हळू, नाकातून, ती टोस्ट करपल्यावर हसायची तसं.

"तू? शिडाच्या बोटीवर? अगं, खोटंच बोलायचं तर जरा पटेल असं तरी बोलावं माणसाने."

"खोटं नाही. खरंच सांगतेय. माझ्या गळ्याची शपथ."

"बरं. बरं गं. तूच होतीस." कोरलीचा आवाज एकदम मऊ झाला होता, तापातल्या लेकराशी बोलावं तसा. "मला बरं वाटावं म्हणून बोललीस ना? जन्मात कधी तुझ्या तोंडून खोटं निघालं नाही, आज माझ्यासाठी काढलंस. मला फार बरं वाटलं, नेल. आता मी रडत नाही बघ."

मर्व्हने हात पुढे केला. "द्या इकडे. मी सांगतो त्यांना. मी साक्षीला आहे."

नॅरेलने फोन कानाशी घट्ट दाबला आणि मानेनेच नाही म्हटलं.

"जेवून घे," कोरली म्हणत होती. "फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात..." आणि आवाज तुटला. पुन्हा आला, एक अर्धा शब्द, आणि गेला.

नॅरेल फोन कानाशी धरून बसली होती.  पुलावरचे दिवे लागले. एक फेरी शेजारून गेली आणि तिच्या लाटेवर पेट्रेल डुलली.

"मी सांगितलं असतं त्यांना," मर्व्ह म्हणाला. "माझ्यावर विश्वास ठेवला असता."

"ठेवला असता," नॅरेल म्हणाली. "आणि मग? माझी बहीण मला सोडून कायमची चालली होती, तिच्याकडे पाठ करून मी हसत होते, हे तिला कळून तिने तिकडे काय करायचं होतं?"

 समोर बालमेनची जेटी दिसायला लागली होती. मर्व्हने इंजिनाचा वेग कमी केला आणि दोर हातात घेऊन तो उठला.